कारव्हिल : वेदना हरपलेल्यांचे गाव

अमेरिकेतील न्यू ऑर्लीन्स शहराहून मिसिसिपी नदीच्या काठाने बॅटन रूजकडे निघाले म्हणजे वाटेत उसाची शेते लागतात. नदीचा बांध उंच असल्याने रस्त्यावरून पाणी दिसत नाही. याच वाटेवर, नदीच्या एका वळणापाशी, कारव्हिल हे ठिकाण आहे. जुने विशाल ओक वृक्ष, त्यांच्या फांद्यांवरून लोंबणाऱ्या करड्या जटा, आणि एका इमारतीतून दुसरीत नेणाऱ्या लांबच लांब छपरी वाटा पाहून प्रवाशास हे एखादे शांत विद्यालय वाटावे. परंतु शंभराहून अधिक वर्षे ही कुष्ठरुग्णांची वसाहत होती.

१८९४ साली पहिले सात रुग्ण नावेतून येथे आणले गेले. एका ओसाड ऊसमळ्यावर, पूर्वी गुलाम राहत असत त्या झोपड्यांत, त्यांना ठेवण्यात आले. १८९६ साली संत व्हिन्सेंट दी पॉल यांनी स्थापिलेल्या 'डॉटर्स ऑफ चॅरिटी' या संघाच्या चार धर्मभगिनी त्यांच्या शुश्रूषेसाठी आल्या, आणि पुढे पिढ्यान् पिढ्या भगिनींनी ते कार्य चालविले. १९२१ साली अमेरिकन सरकारने हे रुग्णालय ताब्यात घेतले. घराण्यास कलंक लागू नये म्हणून कित्येक रुग्ण येथे आल्यावर आपले नाव टाकून नवे नाव घेत. १९४१ साली डॉ. गाय फॅजेट यांनी येथेच प्रोमिन या औषधाचा प्रयोग केला, आणि या रोगावर प्रथमच खरा उतारा सापडला.

तरीही शुश्रूषेचे काम संपले नाही. कुष्ठरोगाचे जंतू मज्जातंतूंवर घाला घालतात. विशेषतः कोपर, गुडघा व घोटा यांपाशी, जेथे हे तंतू कातडीच्या जवळून जातात. औषधाने जंतू मरतात. मेलेली संवेदना मात्र बहुधा परत येत नाही. घाम थांबून कातडी कोरडी पडते व भेगाळते. गरम भांड्याचा चटका कळत नाही. चपलेतील खडा दिवसभर रुतला तरी पाऊल पुढे पडतच राहते.

भारतात जन्मलेले व वेल्लोर येथे अनेक वर्षे सेवा केलेले डॉ. पॉल ब्रँड १९६६ साली कारव्हिलला गेले. बोटे रोगाने आपोआप झडत नाहीत, तर न कळलेल्या जखमांनी नष्ट होतात, हे त्यांनी दाखवून दिले होते. म्हणून उपचार साधे, पण नित्याचे : हातपाय पाण्यात भिजविणे, लगेच तेल लावणे, घट्टे हलकेच घासणे, मऊ तळाची पादत्राणे देणे, आणि तळव्याच्या जखमेस प्लास्टर घालून विश्रांती देणे. नायलॉनचा बारीक धागा तळव्यास टेकवून संवेदना तपासण्याची रीतही येथेच विकसित झाली. आज ती जगभर मधुमेहाच्या रुग्णांसाठी वापरतात, कारण मधुमेहही पायांचे मज्जातंतू असेच बधिर करतो.

१९९९ साली हे रुग्णालय बॅटन रूजला हलविण्यात आले. जुन्या जागी संग्रहालय झाले. कुष्ठरोग आता अनेक औषधांच्या एकत्रित उपचाराने सहा ते बारा महिन्यांत बरा होतो. कातडीवर बधिर चट्टा दिसल्यास लाजून लपवू नये. वैद्यकीय तपासणी करावी.

वाचकहो, आपल्या घरीही एखाद्या आजोबांना किंवा आजींना मधुमेह असेल. त्यांना अनवाणी चालू देऊ नये. चप्पल घालण्यापूर्वी झटकून पाहावी. स्नानाचे पाणी दुसऱ्याने हात घालून पाहावे. घट्टे पात्याने कापू नयेत. त्यांना स्वतःला तळवे नीट दिसत नाहीत, आणि दुखतही नाही. तेव्हा सायंप्रार्थना आटोपल्यावर घरातील एखाद्या मुलाने दिव्याच्या उजेडात दोन्ही तळवे व बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. कोठे लाली, फोड वा चीर दिसली, तर दुसऱ्या दिवशी सकाळीच दवाखाना गाठावा.