नावाचा मुका

पहिल्यांदा पाहिला तो फळ्यावर. रोमन लिपीतला ए (e). अंगानं गोल, पोटात आडवी दांडी आणि तोंड अर्धवट उघडं. बोलायला म्हणून उभा राहिला आणि ऐनवेळी भाषण विसरला, असा चेहरा. शब्दाच्या अगदी शेवटी बसला होता. बाईंनी त्याच्यावर खडूनं काट मारली आणि म्हणाल्या, "हा 'अ म्युए'. मुका ए. हा बोलत नाही." पुण्यातल्या फ्रेंचच्या वर्गात 'मुका' म्हटल्यावर मागच्या बाकांवर जे व्हायचं ते झालं. पण हा त्यातला नव्हे. हा बिचारा नावाचा मुका.

स्वभावानं परोपकारी. फ्रेंचमध्ये लहान मुलगा 'पती' असतो. लिहिताना शेवटी त असतो, पण त्याचा उच्चार होत नाही. मुलगी आली की शेवटी हा ए येऊन बसतो आणि त्या गप्प त ला वाचा फुटते: 'पतीत'. पती पुल्लिंगी आणि पतीत स्त्रीलिंगी, हे पाठ करताना आम्हाला फार हसू यायचं. हा मात्र शेजाऱ्याला बोलतं करून स्वतः तोंड मिटून बसलेला.

पॅरिसच्या बोलण्यात तर तो वाक्याच्या मध्यातूनही गळतो. 'मला माहीत नाही' हे पुस्तकात 'झ न से पा'. पॅरिसच्या माणसाच्या तोंडून येतं 'शे पा'. 'न' तर जातोच; पण आपला हा ए गेला की उघडा पडलेला झ पुढच्या स ला चिकटतो आणि दोघांचा मिळून श होतो. मी 'शेपा' कोशात शोधला होता. शेपूचा कोणी भाऊबंद असेल असं वाटलं.

पण हा उगाच गळत नाही, जागा बघून गळतो. मोरिस ग्रामों नावाच्या भाषाशास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याची खोड पकडली: तीन व्यंजनं एकमेकांवर आदळणार असतील, तर हा मध्ये उभा राहतो. एकाच आठवड्यात पाहा. शनिवार लिहायचा 'सामदी', म्हणायचा 'साम्दी'; तिथं हा खुशाल पसार. शुक्रवार मात्र 'वाँद्रऽदी'. तिथं हा हलला तर द, र आणि पुन्हा द यांची टक्कर ठरलेली, म्हणून पाय रोवून उभा.

यात आपण नवल करावं असं काही नाही. आपण 'चमचा' लिहितो आणि 'चम्चा' म्हणतो. 'घर' लिहितो, 'घर्' म्हणतो. आपलाही अ असाच गळका आहे. त्याला मुका म्हणायचं कोणाला सुचलं नाही, एवढंच.

फ्रेंचचा हा मुका बोलतोही, हे मला कळलं दक्षिण फ्रान्समधल्या मार्सेयच्या एका पावाच्या दुकानात. मी पॅरिसच्या ध्वनिफितींवर घोटलेल्या उच्चारात 'युन बागेत' म्हणालो. काउंटरमागच्या बाईंनी पाव कागदात गुंडाळला, कागदाचं टोक पिळलं आणि आत आवाज दिला, "युनऽ बागेतऽ!" दोन शब्द, दोन शेपट्या. पुण्यात काट खाल्लेला तो गृहस्थ इथं दोनदा, छाती काढून बोलला होता. पुढं आठवडाभर ऐकत राहिलो. शनिवार 'सामऽदी' झाला, पतीतची 'पतीतऽ' झाली, आणि पावाला 'पँ' ऐवजी 'पँङ्' अशी नाकात घंटा लागली. पहिले दोन दिवस काही कळेना. तिसऱ्या दिवशी ध्यानात आलं की हे तर पॅरिसपेक्षा सोपं! पुस्तकात जे छापलंय त्यातलं बरंच ही माणसं म्हणून दाखवतात.

त्याचं कारण जुनं आहे. दक्षिणेची मूळ बोली ऑक्सितां. तिच्यात शब्दाअखेरचा स्वर हलका, पण स्पष्ट म्हणतात. त्या जिभेवर फ्रेंच आली ती मोठ्या प्रमाणात शाळेतून, पुस्तकातून. तेव्हा शेवटच्या ए लाही तोच मान मिळाला. शिवाय काही शतकांपूर्वी पॅरिसमध्येही हा बोलत होताच. म्हणजे राजधानीनं टाकलेलं दक्षिणेनं सांभाळलं आणि वर गावंढळ ठरली तीच.

दक्षिणेच्या उच्चारांना हसणं मात्र चालूच राहिलं. 2018 मध्ये झां-ल्युक मेलांशों या पुढाऱ्यानं एका पत्रकार महिलेच्या तुलूझकडच्या उच्चारांची जाहीर नक्कल केली. 2020 मध्ये पंतप्रधान झालेले झां कास्तेक्स नैऋत्येतल्या झेर्सचे. त्यांच्या धोरणांआधी त्यांच्या उच्चारांची चर्चा झाली. त्याच वर्षी 26 नोव्हेंबरला फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेनं उच्चारांवरून भेदभाव करण्याविरुद्धचं विधेयक 98 विरुद्ध 3 मतांनी मंजूर केलं. मुक्याच्या बाजूनं इतके लोक बोललेले मी पहिल्यांदाच ऐकले.

गंमत अशी, की नाकं मुरडणाऱ्या पॅरिसलाही याच्यावाचून भागत नाही. पांढऱ्या अस्वलाला 'उर्स ब्लाँ' म्हणायचं. लिहिताना मध्ये ए नाही. पण र, स आणि ब एकमेकांवर आदळायला लागले की पॅरिसचा माणूसही बेधडक 'उर्सऽ ब्लाँ' म्हणून जातो. ज्याला दारातून हाकललं त्यालाच खिडकीतून हाक.

गाण्यात आणि पद्यात तर त्याची प्रतिष्ठा सगळ्या देशात शाबूत आहे. 'फ्रेर झाक' हे बालगीत जगभर गातात. त्या दोन्ही शब्दांच्या शेवटी तो आहे आणि सुरात लांबवला जातो. नाटककार रासीनच्या बारा अक्षरी ओळीत, पुढं व्यंजन असेल तर, त्याला मोजावंच लागतं. सोडला तर ओळ लंगडते. आपल्या अभंगातही अक्षरं मोजताना 'घर' दोनच. बोलताना गळालेला अ टाळ वाजला की परत जागेवर येऊन उभा राहतो.

आता मी शिकवतो. फळ्यावर तो आला की काट मारत नाही, कंसात ठेवतो; ध्वनिशास्त्राची माणसंही तसंच करतात. कंस म्हणजे माणूस घरात आहे, दार उघडेल की नाही ते आलेल्यावर. दरवर्षी कोणीतरी विचारतंच, "सर, नक्की काय ते सांगा ना. म्हणायचा की नाही?"

मी म्हणतो, "बोलताना तुला जमेल तसा म्हण. ऐकताना मात्र दोन्ही तयारी ठेव. पॅरिसहून मार्सेयला गाडी तीन-सव्वातीन तासांत पोचते. बसशील तेव्हा तो गप्प असेल. उतरलास की फलाटावरच बोलायला लागेल."