माजलगावचा दिवा

बीड जिल्हा म्हटला की आठवतो दुष्काळ. होडीच्या दिव्यासाठी तिकडे जाण्याची पाळी मला येईल, असे वाटले नव्हते. पण सिंदफणेवर माजलगावचे धरण १९८७ साली झाले, पैठणचा उजवा कालवा त्यात गोदावरीचे पाणी आणून सोडतो, आणि जाळी टाकणारे तेथे काळोखातही होड्या घालतात.

माझा एक जुना विद्यार्थी त्यांतलाच. एका अवसेला दुसरी होडी त्याला घासून गेली, तेव्हा कुठे दिव्याचे मनावर घेतले.

"सर, लाल-हिरवा घेतो."

समुद्रावर डाव्या अंगाला लाल, उजव्या अंगाला हिरवा. समोरच्याला होडी कुठे निघाली ते कळते. पण १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांनी वल्ह्याच्या होडीला सवलत दिली आहे: पांढऱ्या उजेडाची बॅटरी हाताशी असावी आणि टक्कर टळेल इतक्या वेळेवर दाखवावी.

"अरे, लाल चुकून उजवीकडे बसला, तर तो नसलेलाच बरा!" मी म्हटले.

शेवटी चहूकडे दिसणारा एकच पांढरा दिवा घेतला. समोर ठेवला तर वल्हवणाऱ्याचेच डोळे दिपतात, म्हणून बसल्या माणसाच्या डोक्यावर येईल अशा काठीला बांधला. पांडित्य माझे, काठी त्याची.

अंधारात मी काठावर उभा होतो. दिवा लांब गेला आणि एकाएकी दिसेनासा झाला. छातीत धस्स झाले. हाका मारल्या, उत्तर नाही. थोड्या वेळाने पुन्हा लुकलुकला.

जाळे ओढायला तो उभा राहिला होता. दिवा त्याच्या पाठीआड गेला होता.

दुसऱ्या दिवशी काठी पुरुषभर उंचीची केली.