घरांतली एक खरेदी

घरांत एखादी वस्तु घ्यावयाची ठरली कीं आमच्या कुटुंबांत प्रथम सभा भरते, मग पक्ष पडतात, आणि ज्याला ती वस्तु वापरावयाची असते त्याचें मत बहुधा सर्वांच्या शेवटीं विचारलें जातें. या खेपेस विषय होता ग्राफिक्स कार्डाचा. संगणकाच्या पडद्यावर जें चित्र उमटतें त्याचें गणित करणारें हें स्वतंत्र यंत्र. तें नसेल तर तो भार प्रोसेसरमध्येंच असलेल्या एका लहानशा विभागावर पडतो, आणि तो विभाग आपल्या कामापुरती मेमरी संगणकाच्या सामाईक मेमरींतून उसनी घेतो. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्यांस ही व्यवस्था निराळी समजावून सांगावयास नको.

आमचें घर नांदेडास. आमची पुतणसून लातूरच्या एका स्थापत्य-अभियंत्याचीं रेखाचित्रें घरबसल्या संगणकावर काढून देते. लातूर जिल्ह्यांत या कामाचें मोल निराळें सांगणें नलगे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला, तेव्हां चिखलांत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवरील जड माळवदें झोपलेल्या माणसांवर कोसळलीं, व हजारों जीव गेले. तुळई आणि खांब यांच्या सांध्यांत लोखंड कसें गुंफावें हें दाखविणारें चित्र सूनबाई काढते. त्यासाठीं सगळी इमारत पडद्यावर उभी करून ती चारी बाजूंनीं फिरवून पाहावी लागते.

यंदा चैत्रांत तिचीं चित्रें लातुरास उशिरां पोंचलीं, आणि ठरलेल्या मोबदल्यांतून कांहीं रक्कम कापली गेली. रात्रीं पंगत बसली असतां आम्हीं सर्वांदेखत म्हटलें, “कामांत लक्ष नसलें म्हणजे असेंच व्हावयाचें.” ती कांहीं बोलली नाहीं. हातांत वाढणें होतें, तें तिनें पुरें केलें.

पुढें चार-पांच दिवसांनीं मध्यरात्रीं आम्ही पाणी पिण्यास उठलों. जिन्याखालच्या बोळांत, जेथें तिचें टेबल होतें, तेथें दिवा जळत होता. पडद्यावर इमारत अर्धवट वळून थांबली होती, आणि सूनबाई हात मांडीवर ठेवून ती पुढें सरकण्याची वाट पाहत होती.

“काका,” ती म्हणाली, “एकदा फिरवली कीं एवढा वेळ थांबावें लागतें. आणि रात्रींतून पन्नास वेळां तरी फिरवावी लागते.”

आम्ही उभ्याउभ्याच तीन वेळां तें पाहिलें, आणि कांहीं न बोलतां अंथरुणावर येऊन पडलों.

दुसऱ्या दिवशीं सभा भरली. पुतण्यास सर्वांत मोठें, तीन पंख्यांचें कार्ड हवें होतें. त्यांत त्याच्या खेळांची सोय होती. दादांचें म्हणणें, तेवढ्या पैशांत इन्व्हर्टरची नवी बॅटरी येईल व तिचा उपयोग सर्वांस होईल. लातुरास असलेले आमचे धाकटे बंधु फोनवरून एवढेंच म्हणाले, “आधीं अडतें कोठें तें मोजा.”

हा सल्ला फुकटचा होता आणि सर्वांत मोलाचा ठरला. विंडोजमध्यें टास्क मॅनेजर म्हणून जी सोय आहे तींत कोणत्या भागावर किती भार पडला हें काम चालूं असतांच दिसतें. तीन रात्री सूनबाईनें तें वहींत टिपलें. सपाट नकाशे काढतांना चित्रविभाग जवळजवळ रिकामाच बसे, परंतु आठ गीगाबाइटांची मेमरी तुडुंब भरे. इमारत फिरवितांच मात्र चित्रविभाग शंभर टक्क्यांवर जाऊन बसे. म्हणजे गरजा दोन होत्या. नुसतें कार्ड आणून एकच भागली असती. तेव्हां पंधरा-वीस हजारांच्या आमच्या मर्यादेंत आठ गीगाबाइटांची जास्त मेमरी बसविणें आधीं आलें.

उरला प्रश्न कार्डाचा. आमचा संगणक कचेरींत वापरून झालेला, अरुंद पेटीचा; त्याचा वीजपुरवठा अवघा २४० वॉटांचा. ज्या खांचेंत कार्ड बसतें ती खांच फार तर ७५ वॉट देते, आणि निराळी तार जोडण्याची सोय पेटींत नव्हती. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण आम्ही आयुष्यभर इतरांस ऐकवीत आलों. येथें ती अक्षरशः लागू पडली. त्यांतून नांदेडचा वैशाख. बाहेर पारा ४२ अंशांवर असतां पेटींत उष्णता ओतणारें कार्ड परवडलें नसतें.

दुकानांत गेल्यावर कळलें कीं या बाजारांत नांवावर जाऊं नये. जीटी १०३० हें कार्ड २०१७ सालीं निघालें; पुढल्या वर्षीं त्याच नांवानें संथ मेमरीचें दुसरें निघालें. आरएक्स ६४०० अवघ्या ५३ वॉटांत चालतें, परंतु तें संगणकाशीं चारच मार्गांनीं बोलतें; आमच्यासारख्या जुन्या मदरबोर्डवर त्या मार्गांचा वेग निम्मा, म्हणून त्याचें बळ तेथें पुरतें उतरत नाहीं. शेवटीं आरटीएक्स ३०५० वर मन बसलें, आणि दुकानदारानें खोकें पुढें केलें. आम्ही पैसे काढणार तोंच सूनबाईनें खोकें उलटें करून वाचलें.

“हें आठ गीगाबाइटांचें आहे. आम्हांला सहाचें हवें.”

आम्हांस वाटलें, जास्त मिळतें आहे तर ही कमी कां मागते? परंतु २०२२ सालच्या त्या आठवाल्यास सुमारें १३० वॉट आणि निराळी तार लागते. २०२४ सालीं निघालेलें सहाचें कार्ड ७० वॉटांत, नुसत्या खांचेवर चालतें, व अरुंद पेटींत मावेल अशा आखूड बांध्याचेंही मिळतें. आम्ही एकटे गेलों असतों तर आठाचें घेऊन आनंदानें परतलों असतों.

पुतण्यानें संध्याकाळीं कार्ड बसविलें. इमारत फिरविली, ती फिरली. दादांनीं चष्मा लावून पाहिलें व यावर सिनेमा चांगला दिसेल काय अशी चौकशी केली. बोळांतलें टेबल आतां पुढच्या खोलींत खिडकीजवळ आलें आहे. कापली गेलेली रक्कम अर्थातच परत आली नाहीं.

राहिलें होतें तें आमच्याकडचें. जें पंगतींत बोललों तें पंगतींतच फेडावें, म्हणून त्या रात्रीं पानावर बसल्यावर आम्हीं सर्वांदेखत सांगितलें, “सूनबाई, त्या दिवशीं चूक आमची होती. न पाहतांच बोललों.”

पंगत क्षणभर स्तब्ध झाली. सूनबाई वाटी पुढें ओढून म्हणाली, “काका, आमटी वाढूं का?”

आम्हांस आमटी नको होती. तरी वाढूं दिली.