उलिगामूचा नांगर

कोचीहून निघालो तेव्हा जानेवारीचा ईशान्य वारा पाठीशी होता. आम्ही चौघे, म्हणजे कोकणातली दोन जोडपी. दोन्ही पुरुषांची उभी हयात मर्चंट नेव्हीत गेलेली. मोठ्या जहाजांवर जग पाहिले होते, पण स्वतःच्या छोट्या शिडाच्या नौकेतून हा पहिलाच लांबचा प्रवास. सुमारे 260 सागरी मैल कापून तिसऱ्या दिवशी मालदीवच्या उत्तर टोकाचे उलिगामू बेट दिसले. आधी दिसले ते नुसते माडांचे शेंडे, जणू पाण्यातच उगवलेले. जमीन मागाहून दिसली, इतके हे बेट सखल.

प्रवाळाच्या पाण्यात शिरायचे ते सूर्य डोक्यावर असताना, हा जुना नियम. तेव्हा पाण्याचे रंग वाचता येतात. गर्द निळे म्हणजे खोल, फिकट हिरवे म्हणजे वाळू, तपकिरी डाग म्हणजे प्रवाळ. आम्ही पोहोचलो दुपारी चारनंतर. सूर्य पश्चिमेला कललेला, पाणी नुसते चकाकत होते. शहाणपणाने बाहेरच रात्र काढायला हवी होती. पण दोन रात्रींचे जागरण झालेले, आणि तेवढ्यात पाण्यावरून असरची अजान आली. ती ऐकून थकवा पळाला, आणि सावधपणाही. फिकट वाटलेल्या जागी 12 मीटर पाण्यात नांगर सोडला, पाचपट म्हणजे 60 मीटर साखळी दिली. सरकारी माणसे होडीने आली, सलाम-दुआ झाली, कागदांवर शिक्के बसले. आम्ही अल्लाहचे आभार मानून जेवलो.

मध्यरात्री वारा फिरला. आतापर्यंत तो आम्हाला बेटापासून दूर ठेवत होता, आता बेटाकडेच ढकलू लागला. नौकेच्या पोटातून आवाज येऊ लागला, जात्यात खडे भरडावेत तसा. साखळी वाळूवर नव्हती, प्रवाळावर घासत होती! मध्येच कुठेतरी अडकून नौकेला हिसका बसे. अंधारात नांगर उचलावा तर चहूकडे खडक, न उचलावा तर साखळी तुटायची भीती. मशिदीचा दिवा आणि धक्क्यावरचा दिवा एका रेषेत दिसतात ना, एवढेच आळीपाळीने पाहत बसलो. ती रेष ढळली की नौका सरकली असे समजायचे. त्या रात्री प्रत्येकाच्या ओठांवर दुआ होती. फजरपर्यंत रेष ढळली नाही.

उजेड झाल्यावर मुखवटा लावून पाण्यात उतरलो. खालचे दृश्य पाहून मान खाली गेली. साखळीने प्रवाळाच्या एका मोठ्या गोळ्याला वेढा घातला होता, आणि सभोवती सांबरशिंगांसारख्या फांद्या मोडून पडल्या होत्या. ताज्या मोडीवर त्या पांढऱ्याशुभ्र दिसत होत्या. असा गोळा वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. आमच्या वयाहून मोठा असलेला तो जीव आमच्या एका घाईने खरवडला गेला होता.

इतक्यात एक वृद्ध कोळी आपली धोनी घेऊन आले. सिनेमे पाहून शिकलेल्या हिंदीत म्हणाले, "भाई, ये रीफ हमारी दीवार है." बोल लावला नाही, पण आम्ही समजलो. लाटा आधी तिथे फुटतात, म्हणून बेट टिकते. मालदीवची जमीन समुद्रापासून जेमतेम दीड-दोन मीटर वर. ट्यूना गळाने धरायला जिवंत आमिषाची बारीक मासळी लागते, तीही याच प्रवाळातून मिळते. म्हणजे आम्ही त्यांच्या घराची भिंत आणि चूल दोन्हींना धक्का लावला होता.

साखळी हळूहळू सोडवली. चाचांनी पुढे होऊन वाळूची स्वच्छ जागा दाखवली. या वेळी साखळीला ठराविक अंतरावर तरंगते गोळे बांधले, म्हणजे ती तळावर लोळत नाही, प्रवाळाच्या वर उचललेली राहते. पैसे देऊ केले तर त्यांनी हात मागे घेतला. आमच्या आग्रहाखातर चहा घेतला आणि आमच्यासाठी दुआ केली.

मग गावात गेलो. पांढऱ्या वाळूचे रस्ते झाडून लख्ख केलेले. जोहरची नमाज चाचांच्या शेजारी उभे राहून अदा केली. इब्न बतूता 1343 मध्ये मालदीवला आला आणि इथे काझी झाला. इथल्या काथ्याच्या दोराने जहाजांच्या फळ्या शिवतात, हे त्याने लिहून ठेवले आहे. या लोकांचा समुद्राशी इतका जुना करार आहे. तो आम्ही पाहुणे होऊन मोडत होतो.

मोडलेल्या फांद्या आम्हाला जोडता येणार नाहीत. निदान आता सूर्य कलला की आम्ही बाहेर थांबतो, कितीही थकलो तरी. वाचकांपैकी कुणी मालदीवला जाईल, कुणी जवळच मालवणला प्रवाळ पाहायला पाण्यात उतरेल. तिथे प्रवाळावर पाय टेकू नका, आणि नांगर कुठे टाकणार हे होडीवाल्याला आधी विचारा. पाहुण्याने यजमानाच्या भिंतीला टेकावे, पण ती पाडू नये.