सर्वांत कमी दर

ललितपूरजवळ, राष्ट्रीय महामार्ग ४४ वर, रात्री दहाला गाडी बंद पडली. विम्यासोबत घेतलेली मदतसेवा सर्वांत स्वस्त होती; निविदांतील न्यूनतम दराची सवय घरीही सुटत नाही. फोन तत्काळ उचलला गेला. मात्र गाडी ओढून नेण्याची मर्यादा २५ किलोमीटर आणि अधिकृत वर्कशॉप झाशीला, नव्वदेक किलोमीटरवर! महामार्ग प्राधिकरणाचा १०३३ हा क्रमांक मला, शासनातल्या माणसाला, एका ट्रकचालकाने सांगितला. टोलनाक्याची क्रेन आली, गाडी सुरक्षित जागी लावून गेली.

पत्नी एवढेच म्हणाली, "कंत्राटदारांच्या कागदातली ओळन् ओळ वाचता, स्वतःची पॉलिसी?"

यंदा नूतनीकरणापूर्वी कंपनीला विचारले : माझ्या जिल्ह्यातून गाडी किती किलोमीटर न्याल, पुढचा खर्च कोणाचा? उत्तर लेखी मागितले आहे. अद्याप आलेले नाही.