‘सांक्तुस’ आणि ‘संत’

टेंभी नाक्यापासून जवळच, मासुंदा तलावाच्या परिसरात, सेंट जॉन बाप्टिस्ट यांच्या नावाचे चर्च आहे. मराठी मिस्सात आपण त्यांनाच ‘संत योहान’ म्हणतो. गोव्यात २४ जूनला त्यांचाच सण ‘सांजांव’ म्हणून साजरा होतो.

‘सेंट’ आणि ‘सां’ ही दोन्ही ‘सांक्तुस’ या लॅटिन विशेषणाची लेकरे. इटालियन व स्पॅनिशमध्ये त्याचे ‘सान’ आणि ‘सांतो’ झाले. पोर्तुगीजांनी व्यंजनापूर्वी आखूड रूप घेतले आणि स्वरापूर्वी पूर्ण रूप राखले. म्हणून योहानाला ‘सां’ लागते, तर अंतोनीला ‘सांतु’. स्त्रीलिंगी रूप ‘सांता’. सांताक्रुझ हे कोणा संत स्त्रीचे नाव आहे असा पुष्कळांचा समज असतो. वास्तविक पोर्तुगीजमध्ये क्रूस स्त्रीलिंगी आहे आणि त्या नावाचा अर्थ आहे ‘पवित्र क्रूस’.

मग आपला ‘संत’ही त्याच घराण्यातला काय? तसे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु हे साम्य केवळ योगायोगाचे आहे. पोर्तुगीज भारतात आले १४९८ साली. ‘संत’ हा शब्द १२९० च्या ज्ञानेश्वरीतही आहे. तो संस्कृत ‘सत्’पासून, म्हणजे ‘अस्’ या धातूपासून आला. जो खरोखर ‘आहे’, म्हणून सत्य आणि सज्जन, तो संत. या ‘सत्’चे लॅटिन भावंड ‘प्रेझेन्स’ या शब्दात दडलेले आहे. शाळेत हजेरीच्या वेळी मुले ‘प्रेझेंट’ म्हणतात, तो शब्द तिथलाच.

‘सांक्तुस’ मात्र कर्मणी रूप आहे: ज्याला पवित्र केले गेले, तो. कोणीही स्वतःहून ‘सांक्तुस’ होत नाही. पवित्र करणारा परमेश्वर आहे. बाप्तिस्म्यात ही कृपा आपणा सर्वांना लाभली. संत पौलाने फिलिप्पैकरांस पत्र लिहिले, ते तेथील ‘सर्व पवित्र जनांना’. ती हयात माणसे होती, संसारी होती, आपसांत मतभेद असलेलीही होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २१ नोव्हेंबर १९६४ रोजी घोषित केलेल्या ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात पावित्र्याचे पाचारण सर्वांनाच आहे असे स्पष्ट शिकवले.

तरीही संतपण वेदीवरच्या मूर्तींकडे सोपवून आपण मोकळे होतो. लॅटिन शब्द आपल्याला देवाच्या दानाची आठवण देतो आणि मराठी शब्द आपल्या उत्तराची. आजाऱ्याच्या उशाशी, भांडण झालेल्या भावाच्या दारी, थकलेल्या आईवडिलांपाशी आपण हजर असावे, एवढेच ते उत्तर.