बाबांचा पाय

बाबांची वीस वर्षं जुनी आलिशान गाडी ॲक्सिलरेटर दाबला की आचके द्यायची. ब्रेक कधी दगडासारखा घट्ट व्हायचा. आम्हाला वाटलं, पंचाहत्तरीतला पाय आता थरथरतो. मी किल्ली काढून घेतली. बाबा काही बोलले नाहीत.

गाडी विकण्याआधी मेकॅनिकला दाखवली. इंजिन चालू ठेवून त्याने कान दिला. बारीक फुसफुस ऐकू आली. इंजिनाचा व्हॅक्यूम ब्रेक बूस्टरपर्यंत नेणारी रबरी नळी चिरली होती. जास्तीची हवा आत शिरून इंजिन अडखळत होतं, आणि बूस्टरचं बळही त्याच चिरेतून जात होतं.

नळी बदलली. किल्ली पुढे केली, तेव्हा बाबा म्हणाले, ‘‘राहू दे, तूच चालव.’’